गोळीच्या माथी

आमच्या कारखान्यात पुस्तकं बांधतात. जाड पुठ्ठ्याची, चामड्याच्या पाठीची, पन्नास वर्षं टिकतील अशी. कारखाना म्हणायचा तो मान म्हणून. खरं तर घराच्या खालच्या मजल्यावरच्या तीन खोल्या. पहिल्या खोलीत कागद कापायचं यंत्र आणि आमचे हे, मधल्या खोलीत शिलाई आणि धाकटे दीर. तिसरी खोली सोन्याची.

तिथे खिडकी उघडायची नाही, पंखा लावायचा नाही, हसायचं नाही. एका टेबलावर चामड्याची गादी. तिच्यावर सोन्याचा वर्ख पसरायचा, आणि तो वर्ख इतका पातळ की शेजारून कुणी भरभर गेलं तरी उठून बसतो. गादीवर ठेवला की त्याच्या मधोमध एक फुंकर घालायची. बरोबर पडली तर वर्ख चारी बाजूंनी सपाट होतो. जास्त झाली तर गोळा होतो आणि कमी पडली तर सुरकुतलेला राहतो. मग पुस्तकाच्या पाठीवर अंड्याचा पांढरा बलक लावायचा, वर्ख ठेवायचा आणि तापवलेले पितळी ठसे एकेक करून दाबायचे. ठसे मारायला महिन्याभरात कुणीही शिकतं. फुंकर शिकायला मला चार वर्षं लागली.

शिकवली सासऱ्यांनी. पोटच्या दोन्ही मुलांना त्यांनी सोन्याच्या खोलीत घेतलं नाही; एकाचा हात जड, दुसऱ्याची जीभ सैल. मला घेतलं. आता त्यांचा हात कापतो म्हणून ते दाराशी खुर्ची टाकून बसतात, पण त्या टेबलावर कुणी बसायचं हे अजून तेच ठरवतात. तिथे बसणं ही माझी सगळी ऐट होती, आणि ती ऐट मी कधी लपवली नाही.

फक्त एक वैगुण्य. मला लहानपणापासून दमा. त्यात रस्त्याकडेची झाडं फुलली की नाकाला धार, डोळ्यांना खाज आणि ओळीने अकरा शिंका. वर्षातले हे दोन महिने मी सोन्याजवळ गेले तर निम्मं सोनं छताला लागेल. म्हणून ते दोन महिने सोन्याचं काम थांबायचं. सासरे गिऱ्हाइकाला सांगायचे, फुलोरा झडू द्या, मग देतो. सतरा वर्षं माझ्या शिंकांसाठी सोनं थांबलं.

मग धाकट्या दिरांचं लग्न झालं आणि बारकी आली.

चणीने लहान म्हणून सगळे तिला बारकीच म्हणतात. गोड बोलायची, पटकन उठायची, कुणी काही म्हटलं तर "चालेल की" म्हणायची. पहिल्याच वर्षी मीच तिला ठसा कसा धरायचा ते दाखवलं. दुसऱ्या वर्षी झाडं फुलली, मी शिंकत वर बसले, आणि संध्याकाळी खाली येऊन पाहते तर बारकी माझ्या टेबलावर. सासरे म्हणाले, "हिचा श्वास बघ कसा शांत आहे. वर्ख हलतसुद्धा नाही." आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. त्या दिवसापासून सोनं माझ्यासाठी थांबायचं बंद झालं.

मी जळले. उगाच आडपडदा कशाला ठेवू? सात वर्षं दर फुलोऱ्याला मी वरच्या खोलीत वाफ घेत बसायचे आणि खालून ठशांची टकटक ऐकू यायची. टक, मग थांबायची, मग टक. तिचा श्वास किती शांत चाललाय हे मला त्या टकटकीवरून कळायचं. तिच्या रूपाचा मला हेवा नव्हता, नवऱ्याचा तर मुळीच नाही. मला तिची फुप्फुसं हवी होती.

या वर्षी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झाडं फुलायच्या आधीच एक गोळी सुरू करू. रोज संध्याकाळी एक. दमा आणि हे शिंकांचं, दोन्हीवर. बरं वाटलं म्हणून मधेच बंद करायची नाही, आणि धाप लागली तर ही गोळी कामाची नाही, तेव्हा पंपच. आणि काही वेगळं वाटलं तर लगेच सांगायचं." मी मान हलवली. आजवर इतक्या जणांपुढे मान हलवली होती की आणखी एकदा हलवायला काही जात नव्हतं.

पण गोळीने काम केलं! झाडं फुलली, गाड्यांच्या काचांवर पिवळी भुकटी बसली, आणि मी आपली कोरड्या नाकाने रस्त्यावरून चालतेय. रात्री छातीतली शिट्टी नाही. सकाळी जिना उतरून मी सोन्याच्या खोलीत गेले, गादीवर वर्ख ठेवला, सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत फुंकर घातली. वर्ख सपाट. मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. आता म्हणतील, बस तुझ्या जागेवर.

ते म्हणाले, "छान. ग्रंथालयाचे बारा खंड आलेत. सहा तू कर, सहा बारकी करील."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. श्वास होता, हात होता, सव्वीस वर्षांचा सराव होता, आणि तरी निम्मं! म्हणजे इतकी वर्षं माझा दमा हे निमित्त होतं तर. त्यांना तीच हवी होती. त्याच दुपारी बारकीने चहा आणला आणि विचारलं, "ताई, पहिला खंड तुम्ही करता की मी करू?"

"तूच कर की," मी म्हणाले. "सगळं मलाच द्या म्हण त्यांना. टेबल घे, ठसे घे, माझा चष्मापण घे. आल्या दिवसापासून डोळा आहे तुझा या खोलीवर. तोंडाने चालेल चालेल करतेस आणि पायाखालची जमीन काढून घेतेस!"

पहिल्या खोलीतलं यंत्र थांबलं. मधल्या खोलीतून दीर डोकावले. बारकी कप ठेवून निघून गेली.

एरवी सुटं पाकीट मिळायचं; त्या संध्याकाळी गोळी काढताना नव्या खोक्यातला कागद बाहेर आला. आमच्या घरात छापील कागद न वाचता कुणी टाकत नाही, सवयच तशी. मी आधी त्याची घडी पाहिली. आठ घड्यांची, यंत्राची, कडा नीट जुळलेल्या. मग वाचायला लागले. बारीक टाइपात खाली होतं: काही जणांत मनःस्थितीत बदल, चिडचिड, वाईट स्वप्नं, अस्वस्थता आढळू शकते, असं वाटल्यास डॉक्टरांना कळवावं.

मी तो कागद दोनदा वाचला आणि मला इतकं हायसं वाटलं की सांगता सोय नाही.

"अहो," मी ह्यांना म्हणाले, "ही गोळी आहे. मी नाहीच. वाचा."

ह्यांनी वाचलं. हे स्वभावाने गरीब. "अरे बापरे," म्हणाले, "मग डॉक्टरीणबाईंना आजच फोन करू या."

"पुढच्या तारखेला जायचंच आहे. तेव्हा सांगीन."

का नाही केला फोन? कारण त्या म्हणाल्या असत्या, बंद करा, तर टेबल गेलं. आणि म्हणाल्या असत्या, गोळीचं नाही, तर माझी पंचाईत. दोन्हीकडून माझंच नुकसान होतं, म्हणून मी तारखेची वाट पाहत बसले. हे शहाणपण नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहापर्यंत घरभर झालं: थोरलीचं काही मनावर घेऊ नका, ती गोळी बोलतेय.

आणि काय सांगू, पुढचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. नऊ वर्षं ओठांवर आलेलं गिळत होते, ते सगळं बाहेर काढलं. बारकीचा दुसरा खंड पाहून म्हणाले, "अक्षरं रांगेत उभी आहेत की बसची वाट पाहतायत?" दिरांना म्हणाले, "बायकोचं कौतुक जरा शिलाईकडे लावा, पानं सुटतायत." सासऱ्यांनासुद्धा म्हणाले, "तुमची नजर आता कमी झालीय बाबा, म्हणून तुम्हाला आमच्या दोघींतला फरक दिसत नाही." कुणी उलटून बोललं नाही. सगळे एकमेकांकडे पाहायचे आणि कीव आल्यासारखी मान हलवायचे. बिचारी गोळी! तिच्या पदरात काय काय बांधलं मी.

या सगळ्यात फक्त एकदा बारकीने मला विचारलं होतं. मी ठसे पुसत होते. ती दारात उभी राहून म्हणाली, "ताई, खरंच गोळीमुळे होतं का? म्हणजे... मनात वाईट विचार येतात ते?"

"मग? कागदावर छापलंय," मी म्हणाले. "माणूस आतून बदलतं. आपण आपले राहतच नाही."

"आणि गोळी बंद केली की जातं?"

"जाणारच."

मला वाटलं, माझी काळजी करतेय. चांगुलपणाचा आव आणतेय, असंही वाटलं.

माझे सहाही खंड झाले. बारकीचे चार झाले. पाचव्याला तिला दोन दिवस लागले, आणि मला मनातल्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. सहाव्या खंडाच्या दिवशी आम्ही सगळे सोन्याच्या खोलीत होतो, कारण संध्याकाळी ग्रंथालयाचा माणूस येणार होता. बारकीने गादीवर वर्ख ठेवला आणि फुंकर घालायला वाकली. फुंकर पडलीच नाही. तिने पुन्हा श्वास घेतला, आणि तो श्वास आत जाताना वाजला.

तो आवाज मी हजार माणसांत ओळखीन. बारीक शिट्टी, खालून वर जाणारी. तो माझा आवाज होता, तिच्या छातीतला.

मग तिला खोकल्याची उबळ आली. वर्ख उडाला, अर्धा दिव्याला चिकटला आणि अर्धा ह्यांच्या मिशीला. कुणी हसलं नाही. बारकी टेबलाची कड धरून बसली होती, खांदे वर ओढलेले, वाक्य पुरं होत नव्हतं. "पिशवी," एवढंच म्हणाली.

दीर धावले, पण पिशवी माझ्या हाताशी होती. मी उघडली. आत पंप होता. मी तिला सरळ बसवलं, पंप हलवून हातात दिला, "सोड श्वास, आता ओढ, धरून ठेव," म्हणाले. हे मला झोपेतही येतं. मिनिटा-मिनिटाने तिचे खांदे खाली येऊ लागले. मग माझं लक्ष पिशवीतल्या दुसऱ्या वस्तूकडे गेलं. गोळ्यांचं पाकीट. माझंच पाकीट वाटलं मला. तेच नाव, तोच रंग, प्रत्येक गोळीखाली वार छापलेला. दोन आठवड्यांच्या चौदा गोळ्या, एकही फोडलेली नाही.

"बारकीला दमा?" हे म्हणाले. मिशीत सोनं तसंच होतं.

"लहानपणापासून," दीर खाली पाहत म्हणाले. "आठ वर्षं ही गोळी घेते. कुणाला सांगायचं नाही म्हणाली."

"का गं?" मी विचारलं.

बारकीला आता बोलता येत होतं, थोडं थोडं. "दम्याच्या माणसाला सोन्याजवळ बसवत नाहीत. तुमच्याकडे बघूनच कळलं मला."

सात वर्षं जिच्या फुप्फुसांचा मी हेवा केला, ती फुप्फुसं माझ्यासारखीच. तीच गोळी. मी खुर्चीवर बसले.

दीर म्हणाले, "पण आता ती गोळी नकोच. दोन आठवड्यांपूर्वी हिने स्वतःच बंद केली ते बरंच झालं. वहिनींचं काय झालंय ते बघतोय ना आपण! डोकं फिरवणारं औषध घेण्यापेक्षा हिने शिलाईकडे यावं."

सासऱ्यांनी दाराशी खुर्ची सरकवली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "शेवटचा खंड थोरली करील. इथून पुढे टेबल थोरलीचंच."

आलं. सात वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य आलं, सगळ्यांसमोर, स्पष्ट शब्दांत. मला फक्त गप्प बसायचं होतं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात, पण इथे खोकला बारकीला लागला होता आणि तो मी लावला होता. तिच्या गळ्याखालचा खळगा अजून प्रत्येक श्वासाला आत जात होता. मला तो आरशात पाहून माहीत आहे. त्या वेळी माणसाला दुसरं काही नको असतं, फक्त हवा हवी असते.

मला खरं सांगायचं नव्हतं. हेही लिहून ठेवते. जीभ अक्षरशः ओढून काढावी लागली.

"गोळीचा काही संबंध नाही," मी म्हणाले.

"अगं, कागदावर—"

"कागदावर काही जणांना होतं असं आहे. त्यातली मी नाही. मी गोळीच्या आधीपासून अशीच आहे. जे जे बोलले ते सगळं माझं आहे, नऊ वर्षांचं साठवलेलं. गोळीच्या माथी मारलं, कारण त्यामुळे कुणी मला काही म्हणत नव्हतं." मग दिरांकडे वळले. "हिची गोळी बंद ठेवू नका. माझ्या जिभेपायी हिचा श्वास कोंडायला नको."

हे मिशी पुसायला लागले. सासरे माझ्याकडे बघत होते.

मग बारकी म्हणाली, "मी तुमच्यासाठी नाही बंद केली, ताई."

"मग?"

"मलाही तसे विचार येतात. तुमच्याबद्दल. तुमची फुंकर बघितली की पोटात दुखतं. वाटतं, ताईंना या वर्षी शिंका जास्त येऊ देत. महिनाभर येऊ देत, दोन महिने येऊ देत." ती थांबली, श्वास घेतला. "मला माझीच लाज वाटायची. तुम्ही म्हणालात गोळीमुळे होतं, तेव्हा इतकं बरं वाटलं! म्हटलं, बंद करून बघू."

"आणि?"

"दोन आठवडे झाले. धाप लागली. बाकीचं तसंच आहे."

धाकट्या दिरांनी कपाळाला हात लावला. मला हसू आलं, आणि सोन्याच्या खोलीत सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी हसले. बारकीही हसली, मग खोकली, मग मी तिला गप्प बस म्हणून दटावलं.

तिला तसंच घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तिला तपासलं, नळी लावली आणि मग आम्हा दोघींना समोर बसवून चांगलं फैलावर घेतलं. गोळी मनाने बंद करायची नाही आणि मनाने गप्पही बसायचं नाही, म्हणाल्या. काहींना खरंच त्रास होतो, म्हणून तर छापलेलं असतं, ते मला सांगायला, घरात वापरायला नाही. मग पेन उघडून मला विचारलं, "हे विचार कधीपासून येतात?"

"ही लग्न होऊन आली तेव्हापासून."

"म्हणजे?"

"नऊ वर्षं."

"आणि गोळी?"

"तीन महिने होतील."

त्यांनी बारकीकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझे आठ वर्षं. गोळीपण आठ वर्षं. पण विचार तीन दिवस आधी सुरू झाले. ताईंनी ठसा कसा धरायचा ते दाखवलं त्या दिवशी."

डॉक्टरीणबाईंनी काय लिहिलं ते मला दिसलं नाही. दोघींनाही गोळी चालू ठेवायला सांगितली, आणि झोप, स्वप्नं, मन यांत नवीन काही वाटलं तर फोन करायला.

ग्रंथालयाच्या माणसाला आम्ही दहा दिवस थांबवलं. सासरे म्हणाले होते टेबल माझं, म्हणून मीच ठरवलं: सहावा खंड बारकीचा आहे, तो तिचाच. हा मोठेपणा नाही. अर्धवट काम दुसऱ्याचं पुरं केलं की दोघांचे हात त्यात दिसतात, आणि मला माझ्या हाताशेजारी तिचा नको होता.

झाडं अजून फुललेलीच होती. खिडकी बंद, पंखा बंद. मी दिवा धरला. बारकीने वर्ख गादीवर उतरवला, वाकली आणि फुंकर घातली. एकच. वर्ख असा पडला की त्यावर सुरकुती शोधायला मी चष्मा पुसला. नव्हतीच. मला इतका सपाट कधी जमला नव्हता; सासऱ्यांनाही जमला नसेल.

बारकीने सुरी उचलली आणि मान वर न करता विचारलं, "जळलं का, ताई?"

"जळलं."

"खूप?"

"खूप. बोलू नकोस, सोनं उडेल."

तिने मान हलवली आणि वर्ख कापायला घेतला. संध्याकाळ होत आली होती, दोघींच्या गोळीची वेळ, म्हणून मी दिवा ठेवून दोन पेले पाणी आणायला गेले.